बातमी लिहिणारी बाई कुठून येणार?

‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून.’ ‘किरकोळ वादातून विवाहितेला पेटवले.’ ‘एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला.’ विदर्भातलं कुठलंही मराठी वर्तमानपत्र महिनाभर वाचा, अशा धाटणीचा एक तरी मथळा सापडेलच. आपण तो वाचतो, हळहळतो, कात्रण कापून फायलीला लावतो आणि निवेदनाच्या तयारीला लागतो. पण मैत्रिणींनो, त्या मथळ्यातले शब्द कुणाचे आहेत, हे आपण कधी विचारतो का? ‘चारित्र्याचा संशय’ हे कारण बहुतेक वेळा आरोपीनं सांगितलेलं असतं. पोलिसांनी ते कागदावर घेतलेलं असतं, संध्याकाळी ठाण्यात चक्कर मारणाऱ्या बातमीदाराच्या कानावर घातलेलं असतं आणि सकाळी ते आपल्या दारात येऊन पडतं. मारणाऱ्याची सबब बातमीचं कारण होऊन बसते. जी मेली तिचं म्हणणं सांगायला ती उरलेलीच नसते. तिच्या आईला, शेजारणीला, सहा महिन्यांपूर्वी ती ज्या सल्ला केंद्राची पायरी चढली होती तिथल्या कार्यकर्तीला कुणी विचारलेलं नसतं.

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटात कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटवण्यात आलं. आठवडाभर झुंज देऊन १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिनं प्राण सोडला. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, न्यायालयानं आरोपीला जन्मठेप सुनावली. या सगळ्या काळात ‘एकतर्फी प्रेम’ हा शब्द किती वेळा छापला गेला, किती वेळा पडद्यावर झळकला! बाईनं नकार दिल्यावरही तिचा पाठलाग करणं हा गुन्हा आहे. २०१३ पासून कायद्यात त्यासाठी वेगळं कलम आहे. पण मथळ्यात मात्र ‘प्रेम’च!

अशा मथळ्यांवर आपण वाचकांच्या पत्रव्यवहारात लिहिलं, संपादकांना भेटलो, ८ मार्चच्या परिसंवादांतून ताशेरे ओढले. ते करायलाच हवं. पण हे सारं काम बातमी छापून आल्यानंतरचं आहे. बातमी लिहिली जात असताना, टेबलावर मथळा ठरत असताना आपल्यापैकी कुणी तिथे असतं का? माझं म्हणणं असं आहे की, आपल्या संघटनांमधल्या काही जणींनी संवाद आणि पत्रकारिता या विषयातलं पदव्युत्तर शिक्षण ठरवून घ्यावं, आणि त्यांना ते घेता यावं यासाठी संघटनांनी वेळ आणि पैसा बाजूला काढावा. हा कुणा एकीच्या हौसेचा किंवा करिअरचा प्रश्न नाही, चळवळीच्या कामाचा भाग आहे.

‘आणखी एक एम.ए. कशाला?’

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली कार्यकर्ती आहे. दहा-अकरा वर्षं नागपूरच्या वस्त्यांमध्ये, कुटुंब सल्ल्याच्या कामात काढल्यावर पस्तिशीत मी पुन्हा विद्यार्थिनी झाले आहे आणि सध्या पत्रकारितेच्या एम.ए.चं दुसरं वर्ष करते आहे. प्रवेश घेतला तेव्हा घरच्यांनी फारसं काही विचारलं नाही. प्रश्न विचारले ते कामातल्या मैत्रिणींनी. ‘एम.एस.डब्ल्यू. आहे ना तुझ्याकडे? आणखी एक एम.ए. कशाला?’ ‘आता काय चॅनेलवर दिसणार का गं तू?’ एक ज्येष्ठ ताई तर स्पष्टच म्हणाल्या, ‘पत्रकारिता काय डिग्रीनं येते होय? हातात लेखणी असली की झालं.’

ताईंचं म्हणणं खोटं नाही. मराठीतल्या कितीतरी नामवंत संपादकांनी पत्रकारितेचा वर्ग कधी पाहिला नव्हता. ते वर्तमानपत्राच्या कचेरीतच शिकले. पण कचेरीत शिकायला आधी कचेरीत शिरता यायला हवं. रात्री बारापर्यंत टेबलावर बसायचं, अंक छपाईला गेला की बर्डीवर चहा प्यायचा, तिथेच ज्येष्ठांच्या गप्पांतून बातमी कशी फिरते ते कळायचं, कुणाच्या तरी शब्दावर आधी अर्धवेळ आणि मग पूर्णवेळ लागायचं. ही शाळा फुकट होती, पण सगळ्यांना खुली नव्हती. बाईला नव्हती, वस्तीतल्या मुलाला नव्हती, ज्याचा कुणी मामा-काका त्या वर्तुळात नाही त्याला नव्हती. ज्यांना ओळखीच्या दारातून आत जाता येतं, त्यांना पदवी नसली तरी चालते. ज्यांना ते दारच नाही, त्यांच्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र, इंटर्नशिपचं पत्र आणि विद्यापीठाची गुणपत्रिका हे एक दार आहे. लहान का असेना, पण त्यावर आपला हक्क सांगता येतो.

दार किती बंद होतं याचा एक पुरावा सर्वांसमोर आहे. २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या राष्ट्रीय म्हणवणाऱ्या हिंदी-इंग्रजी वृत्तपत्रांतल्या आणि वाहिन्यांतल्या ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी केली. त्यांत एकही दलित किंवा आदिवासी आढळला नाही. स्त्रिया शंभरात सतराच्या आसपास होत्या. ती दिल्लीची गोष्ट, आणि तिला आता बरीच वर्षं झाली. पण आपल्या गावातल्या वृत्तपत्राच्या पहिल्या पानाची जबाबदारी कुणाकडे आहे, हे एकदा प्रत्येकीनं आपापल्या ठिकाणी पाहावं.

नागपूरची जुनी शाळा

हे शिक्षण आपल्या शहराला नवीन नाही. १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पत्रकारिता शिकवायला सुरुवात झाली. त्यानंतर अकराच वर्षांनी, १९५२ साली, अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सली फुलब्राइट योजनेतून नागपुरात आले आणि हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग उभा राहिला. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग १९६४ चा, म्हणजे नागपूरनंतर बारा वर्षांनी आलेला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतली दैनिकं इथून निघत होती. गोखल्यांनी १९११ साली सुरू केलेला ‘हितवाद’ इथलाच. बातमीचा व्यवसाय असलेल्या शहरात बातमीचं शिक्षण आलं, यात नवल नव्हतं.

आज नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे, शहरातल्या काही महाविद्यालयांत हे अभ्यासक्रम चालतात, वर्ध्याला हिंदी विश्वविद्यालयात सोय आहे. ज्यांना रोज वर्गात बसणं शक्य नाही त्यांच्यासाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पत्रकारितेची एम.ए. आहे. दोन वर्षं, चार सत्रं. बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. म्हणजे बी.ए. झालेली अंगणवाडी सेविका, बी.एस.डब्ल्यू. झालेली वस्तीतली मुलगी, वयाच्या चाळिशीत मुक्त विद्यापीठातून पदवी मिळवलेली आपली बचत गटाची अध्यक्ष, या सगळ्या अर्ज करायला पात्र आहेत. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

लिहिणाऱ्या बायका आपल्याकडे होत्याच

बाई आणि वर्तमानपत्र यांचं नातं आपल्या विदर्भात तर फार जुनं आहे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली (ती पुढे कमी करण्यात आली). त्या निमित्तानं ‘पुणे वैभव’ पत्रात एकूण स्त्रीजातीवरच चिखलफेक करणारा मजकूर आला. बुलढाण्यात घरीच शिकलेल्या ताराबाई शिंदे यांनी तो वाचला, आणि १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून छापलं. आज आपण ज्याला माध्यमांची स्त्रीवादी समीक्षा म्हणतो, ती वऱ्हाडातल्या एका बाईनं तेव्हाच केली होती. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तानूबाई बिर्जे यांनी ‘दीनबंधु’ या सत्यशोधकी पत्राचं संपादन केलं. एका बाईनं बातमीपत्राची धुरा सांभाळल्याची ही आपल्याकडची अगदी सुरुवातीची नोंद आहे.

आणखी एक उदाहरण नागपूरचंच. २० जुलै १९४२ रोजी इथे अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब हजर होते, वीस-पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्यांमध्ये बायकांवर देखरेखीला बाईच हवी, असे ठराव झाले. हिंदू कायद्यात घटस्फोट आणि एकपत्नीत्व आलं १९५५ साली. या बाया तेरा वर्षं आधीच ते मागत होत्या. पण स्त्री चळवळीच्या पुस्तकांत ही परिषद कितीतरी वर्षं दिसत नव्हती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावी जाऊन म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या, कागदपत्रं धुंडाळली आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिलं, तेव्हा कुठे या बाया आपल्याला भेटल्या. शोधणं, विचारणं, टिपून घेणं, ताडून पाहणं हेच बातमीदारीचं काम. ते आपल्या बाईनं केलं म्हणून आपला इतिहास वाचला.

आपण नसतो तेव्हा काय होतं

आणि ज्या वेळी ते करणारं कुणी नसतं, तेव्हा काय होतं? तेही आपल्याच भागानं पाहिलं आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर १९७८ मध्ये त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं. देशभर चर्चा सुरू झाली ती पुढल्या वर्षी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं तेव्हा. त्या पत्रातून देशव्यापी आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. साध्या, नेमक्या भाषेत लिहिलेले काही कागद किती लांब जाऊ शकतात, याचं याहून मोठं उदाहरण आपल्या चळवळीत नाही. पण त्याआधीची वर्षं आठवा. देसाईगंजपासून दिल्लीपर्यंत खटला चालला, आणि बायकांच्या संघटनांना त्याची खबर नव्हती.

२९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं. नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. इतक्या जवळ एका दलित कुटुंबातल्या आई, मुलगी आणि दोन मुलांची गावानं मिळून हत्या केली, आणि तरी मोठ्या माध्यमांत त्याला खरी जागा मिळायला महिना गेला. सुरुवातीच्या काही बातम्यांत तर आईच्या चारित्र्याचाच धागा पकडलेला होता. जमिनीचा वाद, जातीचा राग, साक्ष दिल्याचा सूड हे सगळं पुढे आलं ते कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन समित्यांमुळे आणि रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे. त्या महिनाभरात भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या एखाद्या वृत्तपत्रात आपल्या वस्तीतून आलेली, प्रशिक्षण घेतलेली एखादी बातमीदार असती, तर? सगळंच बदललं असतं असं मी म्हणत नाही. पण पोलिसांच्या तोंडची पहिली कहाणी तिनं तशीच्या तशी उतरवून घेतली नसती, एवढी खात्री मला वाटते.

१९९५ च्या बीजिंग परिषदेनं ‘स्त्रिया आणि माध्यमं’ हा कृतिकार्यक्रमाचा स्वतंत्र विभाग केला. त्याच वर्षी जगभरच्या बातम्या एक दिवस मोजून पाहण्याचा उपक्रम सुरू झाला. बातमीत जी माणसं दिसतात, बोलतात, त्यांत स्त्रिया होत्या १७ टक्के. २०२० साली पुन्हा मोजलं तेव्हा २५ टक्के. पंचवीस वर्षांत आठ टक्क्यांची वाढ! या वेगानं आपल्या नातींनाही निम्म्यावर पोचणं जमायचं नाही.

वर्गात काय शिकते आहे

आता या अभ्यासात असतं तरी काय, असं अनेक जणी विचारतात. वार्तांकन, संपादन, माध्यमांचा इतिहास, संवादाचे सिद्धांत, माध्यमविषयक कायदे, रेडिओ-टीव्हीसाठी लेखन, जाहिरात, जनसंपर्क, संशोधन पद्धती आणि शेवटी लघुप्रबंध. यातलं संशोधन आपल्याला समाजकार्यातून येतं. माणसांशी बोलणं येतं. वस्तीतल्या ओट्यावर बसून वऱ्हाडीत, झाडीबोलीत, हिंदीत ऐकून घेणं तर त्या वर्गातल्या कुणाहीपेक्षा आपल्याला जास्त येतं. काय येत नाही? आठशे शब्दांत सांगणं. पहिल्या वाक्यात मुद्दा मांडणं. एकाच बाजूची माहिती पुरेशी न मानणं. ‘अनेक महिला’ न लिहिता किती महिला ते लिहिणं.

एक साधं उदाहरण देते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ सालचा. आपण सगळ्या म्हणतो की संरक्षण अधिकाऱ्यांची व्यवस्था नीट चालत नाही. मोर्च्यात म्हणतो, ठरावात म्हणतो. पण आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी किती अर्ज आले, त्यांतल्या किती अर्जांवर आदेश निघाले, किती दिवसांनी निघाले, हे माहितीच्या अधिकारात मागवून, दोन तालुक्यांत फिरून, अधिकाऱ्याचंही म्हणणं घेऊन कुणी मांडलं, तर ती बातमी होते. तिला उत्तर द्यावं लागतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनावर अंगणवाडी सेविकांचे, आशाताईंचे मोर्चे येतात. ‘मोर्च्यामुळे वाहतुकीची कोंडी’ एवढंच त्यांचं बातमीमूल्य ठरवायचं की त्यांच्या मानधनाचा हिशेब मांडायचा, हे लिहिणाऱ्याच्या तयारीवर अवलंबून असतं.

‘आता तर सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, शिकायची काय गरज?’ असंही ऐकू येतं. मोबाइल आहे म्हणूनच गरज आहे. अत्याचार झालेल्या बाईचा चेहरा, घर, गाव दाखवणारे व्हिडिओ आपल्याच गटांतून कसे फिरतात ते आपण पाहिलं आहे. तिची ओळख उघड करणं १९८३ पासून गुन्हा आहे. आज भारतीय न्याय संहितेतही तो आहे, आणि बालकांसाठी पोक्सो कायद्यात वेगळी तरतूद आहे. न पडताळता पुढे ढकललेल्या एका चित्रफितीनं वस्तीत दंगल होऊ शकते. साधन हाती येणं आणि ते जबाबदारीनं वापरता येणं यांत अंतर आहे. उत्तर प्रदेशात चित्रकूटला २००२ साली सुरू झालेल्या ‘खबर लहरिया’नं ते अंतर कापून दाखवलं. गावातल्या, मुख्यतः दलित स्त्रियांना शिकवून त्यांनी वृत्तपत्र काढलं आणि पुढे त्याच बायका मोबाइलवर बातमीदारी करू लागल्या. साताऱ्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं. विदर्भात आपण काय उभं केलं?

दोन धर्म, एक बाई

या शिक्षणात एक खरी अडचण आहे. ती लपवून चालणार नाही. समाजकार्यानं आपल्याला पहिला धडा दिला तो गोपनीयतेचा. बाई आपल्यापाशी जे बोलली ते चार भिंतींबाहेर जाणार नाही. पत्रकारितेचा पहिला धडा नेमका उलटा आहे: जे लोकांना कळायला हवं ते दडवू नये. पहिल्याच सत्रात आम्हाला एका व्यक्तीची जीवनकथा लिहून आणायला सांगितली. माझ्या डोळ्यांसमोर वीस बायका उभ्या राहिल्या. एकीचंही मी लिहिलं नाही. त्या माझ्याशी बोलल्या होत्या मदत मिळावी म्हणून, छापून यावं म्हणून नव्हे. मी भाजी बाजारात बसणाऱ्या एका मावशींकडे गेले, मी कोण आणि कशासाठी आले ते आधी सांगितलं, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. वाचून दाखवण्याची पद्धत वर्गात सगळ्यांना पटली नाही. ज्याच्याबद्दल लिहितो त्याला मजकूर आधी दाखवायचा नसतो, असा संकेत आहे. मंत्र्याच्या किंवा साहेबाच्या बाबतीत तो मला मान्य आहे. ज्या बाईला त्याच बाजारात उद्याही बसायचं आहे, तिच्या बाबतीत नाही.

आपल्यातून बातमीदार घडायच्या असतील तर हा वाद आपल्याला घालावा लागेल, आणि आपल्या बाजूनं काही नियम ठरवावे लागतील. सल्ल्यासाठी आलेली बाई कधीही बातमीचं साधन होणार नाही. तिची संमती मागायची असेल तर ती केंद्रातल्या कार्यकर्तीनं नाही, तिसऱ्याच कुणी मागावी, म्हणजे उपकाराच्या ओझ्याखाली तिला ‘हो’ म्हणावं लागणार नाही. आणि ‘नाही’ म्हटल्यावर तिच्या मदतीत तसूभरही फरक पडता कामा नये. हे पत्रकारितेच्या वर्गात आपण शिकवण्यासारखं आहे. शिकायला गेलेल्या बाईनं रिकाम्या हातानं जायचं कारण नाही.

संघटनांनी काय करावं

दुसरी अडचण आपल्या घरातली आहे. संस्थेत कुणी पत्रकारिता शिकलेली आली की आपण तिला काय काम देतो? वार्षिक अहवाल, देणगीदारांसाठी ‘यशोगाथा’, कार्यक्रमाचे फोटो, फेसबुकचं पान. ते काम कमी दर्जाचं नाही. पण तेवढ्यासाठी दोन वर्षं शिकायची गरज नाही. आमच्या गटातल्या, वस्तीतच वाढलेल्या एका तरुण कार्यकर्तीनं यंदा या अभ्यासक्रमासाठी रजा मागितली आहे. त्यावर बैठकीत दोन तास चर्चा झाली. ‘शिकून ती आपल्याकडे परत येईल याची हमी काय?’ हाच मुख्य प्रश्न होता. निर्णय अजून व्हायचा आहे. पत्रकारितेत नोकरीची शाश्वती नाही, पगार तुटपुंजे आहेत, रात्रपाळी आहे, हेही तिथे बोललं गेलं आणि ते खरंच आहे. पण हमी कशाला मागायची? ती एखाद्या वृत्तपत्रात गेली, तिथल्या टेबलावर बसून तिनं ‘चारित्र्याच्या संशयावरून’ हे दोन शब्द खोडले, तर ते चळवळीचं काम झालं नाही का?

म्हणून काही सूचना मांडते. प्रत्येक संघटनेनं, किंवा छोट्या असतील तर दोन-तीन संघटनांनी मिळून, दर दोन वर्षांनी एका तरी कार्यकर्तीला या शिक्षणासाठी पाठवावं. दोन्ही वर्षं तिचं किमान अर्धं मानधन चालू ठेवावं. निवड करताना जिच्या घरी पुस्तकं आहेत तिच्याआधी जिच्या घरी नाहीत तिचा विचार करावा: दलित, आदिवासी, भटक्या समाजातली, मुस्लिम, एकटी राहणारी. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला, वसतिगृह शोधायला, मूल सांभाळायला तिच्या पाठीशी उभं राहावं. विद्यापीठाकडे आपण शिष्टमंडळ घेऊन जावं आणि मागावं: मराठीतून पाठ्यपुस्तकं द्या, नोकरी करणाऱ्या बायकांसाठी संध्याकाळचे वर्ग ठेवा, स्त्री-प्रश्न आणि जात यांवर स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवा, विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी खेड्यात पाठवा. लघुप्रबंधाला विषय हवे असतात. ते आपल्याकडे ढिगानं पडले आहेत, ते द्यावेत. आणि जिथे आपल्या मुली इंटर्न म्हणून जातील तिथे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, हे आधी विचारावं. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे ती असणं २०१३ च्या कायद्यानं बंधनकारक आहे, आणि वृत्तपत्राची कचेरी त्याला अपवाद नाही.

शेवटची सूचना सगळ्यांत अवघड आहे. ज्या बाईला आपण शिकवू, तिच्याकडून आपली प्रसिद्धी मागायची नाही. उद्या तिनं आपल्याच संस्थेच्या हिशेबाबद्दल, आपल्या वसतिगृहातल्या तक्रारीबद्दल प्रश्न विचारला, तर तिला ‘आमच्या मिठाला जागली नाहीस’ असं म्हणायचं नाही. आपण वर्तमानपत्रांकडून सत्याची अपेक्षा करतो. ते सत्य आपल्या दारात आलं तर दार उघडायची तयारी हवी. ही तयारी नसेल तर आपल्याला बातमीदार नको आहे, भाट हवा आहे, आणि भाट पुष्कळ मिळतात.

आमच्या बैठकीत त्या कार्यकर्तीच्या अर्जावर जो निर्णय होईल तो होईल. प्रवेशाचे अर्ज साधारण उन्हाळ्यात सुटतात. तोवर आपापल्या गटात हा विषय चर्चेला घ्यावा, कुणाला पाठवता येईल त्यांची नावं काढावीत आणि काय ठरलं ते या पानांवर कळवावं. न पटलेल्या मैत्रिणींनीही जरूर लिहावं. त्यांच्याशी वाद घालायला मला आवडेल.